साथ आली की गावची बातमी कशी लिहावी: वार्ताहर, पोर्टलवाले आणि ग्रुप अ‍ॅडमिनसाठी

२०२० च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात कोरोनाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता, तरी चिकनची दुकानं ओस पडली होती. कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर सुटली होती. वर्तमानपत्रं ती अफवाच आहे असं सांगत होती. पण सांगण्याची तऱ्हा अशी की ‘अफवेमुळे चिकनची विक्री घटली, दर कोसळले.’ बातमी खरीच होती. वाचकाने मात्र त्यातून उचललं ते एवढंच की लोकांनी चिकन खाणं सोडलंय. मग त्यानेही सोडलं. पोल्ट्रीवाल्यांनी मिळेल त्या भावात कोंबड्या काढल्या, काहींनी फुकट वाटल्या. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले ते पुढे, ९ मार्चला.

खरी बातमीसुद्धा माणसांना भलतीकडे नेऊ शकते, आणि साथीच्या काळात ती हमखास नेते. कारण त्या दिवसांत वाचक माहितीसाठी वाचत नाही, काय करायचं ते ठरवण्यासाठी वाचतो. मुलाला क्लासला पाठवू का, बाजारात जाऊ का, मुंबईहून येणाऱ्या भावाला ये म्हणू की थांब म्हणू? दिल्ली-मुंबईच्या वाहिन्या या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत. ती तालुक्याच्या पानावर, गावच्या पोर्टलवर आणि ‘आपलं गाव’ नावाच्या ग्रुपवर मिळतात, निदान तिथे शोधली तरी जातात.

स्थानिक बातमीचं हे वजन अभ्यासातही दिसलंय. २०२० मध्ये अमेरिकेतल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी तिथल्या ग्रामीण भागाची तुलना केली. काही खेड्यांना टीव्हीवरच्या ‘स्थानिक’ बातम्या साथ आधी पोचलेल्या जवळच्या मोठ्या शहरातून मिळत होत्या, तर शेजारच्याच काही खेड्यांना साथ न पोचलेल्या शहरातून. पहिल्या खेड्यांतले लोक दुसऱ्यांपेक्षा जास्त काळजी घेताना आढळले. रोग दोन्हीकडे सारखाच लांब होता, फरक फक्त बातमी कुठून येते याचा होता. आपल्याकडे भोरच्या घरात पुण्याचं पान येतं आणि देवगडच्या घरात मुंबईचा फोन. गणित तेच.

आता कामाला लागू. हे टप्पे तालुका वार्ताहर आणि डेस्कवरचा उपसंपादक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांना किंवा गावचा ग्रुप सांभाळणाऱ्यांना ते जसेच्या तसे लागू पडतील.

१. साथ येण्याआधीची डायरी

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम हेच. साथ आल्यावर जिल्हा शल्यचिकित्सक फोन उचलत नाहीत, जिल्हा आरोग्य अधिकारी बैठकीत असतात आणि जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट रात्री उशिरा पडते. म्हणून आधीपासूनच खालच्या माणसांशी ओळख हवी: प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तिथला लॅब टेक्निशियन, आरोग्यसेविका, आशाताई, ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक), मेडिकल दुकानदारांच्या संघटनेचा तालुकाध्यक्ष. आशाताईंचं नाव मुद्दाम घेतो. कुठल्या वस्तीत ताप आहे आणि कोण कशाला घाबरलंय हे त्यांना पहिल्यांदा कळतं. त्यांना बाइटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यापुढे बोलायला, उभं करू नका, त्यांची नोकरी धोक्यात येते. माहिती घ्या आणि पडताळा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करा.

पडताळा हा केवळ सौजन्याचा भाग नाही. १४ मार्च २०२० ला राज्य सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नियम काढले. त्यात आरोग्य खात्याकडून खात्री न करता कोविडविषयी माहिती पसरवण्यावर बंदी होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ मध्ये खोटी घबराट पसरवल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. प्रशासन हे कलम नकोशा बातमीवरही उगारू शकतं, हे धरून चाला. म्हणून कोणी, कधी, काय सांगितलं याची तारीखवार नोंद वहीत ठेवा.

२. मथळ्याआधी ‘उद्या सकाळची ओळ’

बातमी टाइप करण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहा: ही वाचून माणूस उद्या सकाळी काय करेल? तो काय वाचेल किंवा त्याला काय वाटेल ते लिहू नका. त्याचे पाय कुठे वळतील ते लिहा.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठला पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि भाषण संपायच्या आतच लोक पिशव्या घेऊन किराणा दुकानांकडे निघाले. त्या रात्री गावच्या पोर्टलला एकच बातमी देण्यासारखी होती: उद्या किराणा, दूध, भाजी आणि मेडिकल चालू राहणार आहे, आज रात्री बाहेर पडू नका. ती ज्यांनी तहसीलदारांना फोन करून पहिल्या अर्ध्या तासात दिली त्यांनी आपलं काम केलं. बाकीच्यांनी भाषणाचा सारांश दिला, जो सगळ्यांनी टीव्हीवर आधीच ऐकला होता.

उलट टोकाचं उदाहरण सुरतचं. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगचे रुग्ण सापडले, मृत्यूचे फुगवलेले आकडे फिरले, पाण्यात विष कालवल्याच्या वावड्या उठल्या आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. खानदेशातली कितीतरी घरं सुरतच्या कारखान्यांवर चालतात, त्यामुळे ती लाट नंदुरबार-धुळ्यापर्यंत जाणवणं साहजिक होतं. मेडिकलमधून टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचं औषध गायब झालं. अधिकृत मृत्यू शेवटी साठच्या आतच राहिले. प्लेगवर औषध होतं, ते सुरतेतच मिळत होतं आणि पळून जाण्याने उपचार लांबत होते. ‘उद्या सकाळची ओळ’ लिहिणाऱ्याला हे तीन मुद्दे मथळ्यात घ्यावेसे वाटले असते.

ओळ लिहिताना ‘काहीच करणार नाही’ असं उत्तर आलं, तर ती बातमी आतल्या पानावर गेली तरी चालते. ‘घाबरेल’ असं आलं, तर पुढचा प्रश्न विचारा: घाबरून काय करेल? भीतीसोबत करण्याजोगं काही दिलंत तर माणूस ते करतो. नुसती भीती दिलीत तर तो एक तर नको ते करतो, नाहीतर ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून मोकळा होतो. २०२० च्या उन्हाळ्यानंतर गावोगाव हा दुसरा प्रकारच जास्त दिसला.

३. प्रस्ताव, निर्णय, अंमल: तिन्ही वेगळे ठेवा

१४ एप्रिल २०२० ला सकाळी दहाला टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली. त्याच दिवशी एका मराठी वृत्तवाहिनीवर, मजुरांसाठी विशेष गाड्या सोडण्याच्या रेल्वेतल्या अंतर्गत पत्रव्यवहाराची बातमी चालली. दुपारी वांद्रे पश्चिम स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले आणि पोलिसांनी लाठीमार केला. बातमी देणाऱ्या वार्ताहराला अटक झाली, नंतर जामीन मिळाला.

ती गर्दी त्या एकाच बातमीने जमली असं म्हणायला मी तयार नाही. तीन आठवडे काम नाही, खोलीत दहा-बारा माणसं, रेशन नाही आणि त्यात सकाळीच आणखी १९ दिवसांची भर. एवढं सरपण असताना ठिणगी कुठूनही पडली असती. समाजमाध्यमांवरही गावी निघण्याची आवाहनं फिरत होती. पण डेस्कसाठी धडा स्वच्छ आहे. पत्र होतं, विचार चालू होता, निर्णय झाला नव्हता. टीव्हीच्या पट्टीवर आणि फोनवरच्या निरोपात ही पायरी गळते आणि उरतं ते ‘गाड्या सुटणार’.

यावर साधा नियम असा. मथळ्यात ‘होणार’, ‘सुटणार’, ‘मिळणार’ वापरायचं असेल तर चार उत्तरं हातात हवीत: कोणी ठरवलं, लेखी आदेश आहे का, कधीपासून, कोणाला लागू. चारपैकी एक नसेल तर मथळा उलटा फिरवा: ‘विशेष गाड्यांचा निर्णय नाही, स्थानकावर जाऊ नका’, आणि प्रस्तावाची माहिती खाली तिसऱ्या परिच्छेदात. बातमी दडवली जात नाही, फक्त वाचकाला करायची गोष्ट वर येते.

लसीकरणात हीच चूक वेगळ्या वेषात आली. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, पण साठा नव्हता आणि काही दिवसांतच राज्याने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं. ‘उद्यापासून सर्वांना लस’ वाचून लोक पहाटे केंद्रावर रांगा लावत होते, आणि तिथे ज्येष्ठ नागरिक दुसऱ्या डोसच्या प्रतीक्षेत उभे. अशा बातमीत केंद्राचं नाव, किती डोस आलेत, पहिला की दुसरा, आधी नोंदणी हवी की थेट या, टोकन किती वाजता, एवढं हवंच. ‘मुबलक साठा’ हा शब्द प्रेसनोटमधून आला तर तो आकडा मिळेपर्यंत छापू नका.

४. आकडा एकटा सोडू नका

१६ जून २०२० ला राज्याच्या मृत्यूंच्या आकड्यात एकदम १,३२८ जुन्या मृत्यूंची भर पडली, त्यात ८६२ मुंबईचे. आधीच्या आठवड्यांतले राहून गेलेले मृत्यू पडताळणीनंतर नोंदले गेले होते. त्या दिवशीचे नवे मृत्यू होते ८१. ‘एका दिवसात चौदाशे मृत्यू’ असं ज्याच्या फोनवर पोचलं त्याच्या घरात त्या रात्री काय झालं असेल, याची कल्पना करा. आणि हेही लक्षात घ्या की ती बातमी सौम्य करण्याची गरज नव्हतीच. ‘नोंदीतून सुटलेले १,३२८ मृत्यू उघड’ हा मथळा प्रशासनाला जास्त झोंबणारा, शिवाय अचूक.

तालुका पातळीवर प्रश्न छोटे असतात पण घोळ तोच. समजा अशी बातमी हातात आली:

‘तालुक्यात कोरोनाचा कहर! एकाच दिवशी ११ जण बाधित. नागरिकांत भीतीचे वातावरण, प्रशासन हतबल.’

हिच्याकडे जरा जवळून पाहू. ‘कहर’ कोणी मोजला? ‘भीतीचे वातावरण’ हे तर आपल्या धंद्यातलं तयार पीठ. बिबट्या असो, दरोडा असो की डेंग्यू, तेच वातावरण पसरतं आणि कोणा नागरिकाला विचारलेलं नसतं. ‘हतबल’ म्हणजे काय ते बातमीत नाही. आणि ११ हा आकडा उघडा उभा आहे. फोन लावल्यावर कळतं की कालपर्यंत रोज चाळीसेक तपासण्या होत होत्या, आज शिबिर लावून ३२० झाल्या. अकरापैकी आठ जण एकाच हळदी समारंभातले आणि आधीच विलगीकरणात. तिघांचा संसर्ग कुठून झाला ते माहीत नाही, आणि खरी बातमी तिथे आहे. मग ती अशी होईल:

‘३२० तपासण्यांत ११ बाधित, तिघांच्या संसर्गाचं मूळ सापडेना. मंगळवारच्या आठवडे बाजारात गेलेल्या आणि ताप-खोकला असलेल्यांनी ग्रामीण रुग्णालयात मोफत तपासणी करून घ्यावी. वेळ सकाळी ९ ते १.’

पहिल्या मथळ्याने माणूस दार लावून घेतो किंवा खांदे उडवतो. दुसऱ्याने ज्याला बाजारात जाऊन आल्याचं आठवतं तो उठतो. तपासण्यांचा आकडा न देता रुग्णांचा आकडा छापण्याचा आणखी एक तोटा आहे. जास्त तपासणारा तालुका बदनाम होतो आणि न तपासणारा ‘कोरोनामुक्त’ म्हणून मिरवतो. मग सरपंचच शिबिर नको म्हणायला लागतात.

टक्केवारीपासूनही सावध. गावात दोनाचे चार रुग्ण झाले की ‘१०० टक्के वाढ’ होते. पन्नासच्या आतल्या आकड्यांना टक्केवारी लावूच नये, असं माझं मत आहे.

५. मोडणाऱ्यांना पहिलं पान देऊ नका

हा टप्पा पटायला सगळ्यात अवघड जातो, कारण नियम मोडणारे दाखवणं म्हणजे समाजसेवा असा आपला पक्का समज आहे. मास्क नाकाखाली, बाजारात झुंबड, उठाबशा काढणारी पोरं. छायाचित्र चालतं, खाली ‘बेफिकिरी कधी थांबणार?’

रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात केलेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. तिथे पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. ‘पूर्वी अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे’ अशा आशयाची पाटी लावली तिथे चोरी जास्त झाली. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढीच पाटी होती तिथे कमी. पाटी ओरडत होती ‘वाईट आहे’ आणि वाचणारा ऐकत होता ‘सगळेच नेतात’.

‘पुणेकर बेफिकीर’ किंवा ‘कोल्हापुरात नियम धाब्यावर’ या मथळ्यांचंही तेच होतं. घरात बसलेल्या माणसाला कळतं की बाहेर सगळे फिरतायत, मीच तेवढा खुळा. बहुतेक लोक नियम पाळत असतील तर तीच बातमी आहे आणि ती मोजून देता येते. दोन तास एसटी स्टँडवर उभे राहा, मास्क असलेले-नसलेले मोजा, आकडा छापा. ‘दहातील आठ जणांच्या तोंडाला मास्क’ हे शिक्षकी उपदेशापेक्षा जास्त काम करतं. मोजल्यावर उलटं निघालं तर? तेही छापा, पण मोडण्यामागचं कारण शोधून. बाजार दहा ते दोनच उघडा ठेवला म्हणून गर्दी होत असेल, तर दोषी वेळापत्रक आहे, भाजी घेणारी बाई नाही.

इथे फोटोग्राफरशी बोलायलाच हवं. लांब पल्ल्याच्या लेन्सने रस्त्याच्या एका टोकाकडून काढलेल्या चित्रात दहा-दहा फुटांवर उभी असलेली माणसंही एकमेकांना चिकटलेली दिसतात. तीच रांग बाजूने किंवा गच्चीवरून काढली की अंतर दिसतं. गर्दीचं चित्र छापायचं तर वरून काढलेलं छापा, ओळीत तारीख-वेळ-ठिकाण द्या. आणि फाइल फोटो नको. गेल्या दिवाळीची लक्ष्मी रोडची गर्दी ‘आजची’ म्हणून वापरली गेल्यावर उरलेल्या पानावर कोण विश्वास ठेवणार?

पाळणाऱ्यांच्या बातम्या गोडगोड होण्याचा धोका आहे, तो मान्य. नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्याने दुसऱ्या लाटेआधी ऑक्सिजन प्लांट उभे केले, ही बातमी राज्यभर गाजली कारण तिच्यात कृती होती: किती प्लांट, पैसा कुठून, केव्हा सुरू केले. धारावीतही तसंच. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण, आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी नाव घेण्याइतकं नियंत्रण. ‘धारावीकरांचा लढा’ असे मथळे ढिगाने निघाले. पण घरोघर तपासणी, शाळा आणि क्रीडा संकुलात विलगीकरण, सार्वजनिक शौचालयांची सफाई हे तपशील देणाऱ्या बातम्यांचाच दुसऱ्या वस्त्यांना उपयोग होता.

६. नाव, वस्ती, धर्म

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत. परिणाम असा की लोक आजारी माणूस लपवायला लागले. साथीत ओळख उघडी पडण्याची भीती रोगाइतकीच मोठी असते, आणि लपवलेला रुग्ण सगळ्यात जास्त लोकांना संसर्ग देतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये रुग्णांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या तेव्हा तेच पुन्हा सुरू झालं. तपासणीला यायला लोक कचरत होते ते स्वॅबच्या काडीला नव्हे, दारावर लागणाऱ्या फलकाला.

ठिकाण किती खोल द्यायचं? माझी कसोटी अशी: वाचकाला काही करावं लागणार असेल तेवढंच. प्रतिबंधित क्षेत्र कुठल्या रस्त्यापासून कुठल्या रस्त्यापर्यंत, हे हवं. इमारतीचं नाव नको. ‘सराफ व्यावसायिकाच्या ४५ वर्षीय पत्नीला’ हेही नको. पाच हजार वस्तीच्या गावात ते नाव छापण्यासारखंच आहे. एखाद्या दुकानात, लग्नात, बसमध्ये गेलेल्यांनी तपासणी करायला हवी असेल तर त्या जागेचं नाव, तारीख आणि वेळ द्या आणि तिथेच थांबा.

‘मुंबईकरांमुळे रुग्ण वाढले’ या मथळ्यांनी मे २०२० मध्ये कोकणात काय केलं ते तिथल्यांना विचारा. आपलीच माणसं, आपल्याच घरी, वेशीवर अडवली गेली. प्रवासातून संसर्ग येत होता हे खोटं नव्हतं. पण ‘शाळेत विलगीकरणाची सोय, पाणी-जेवण ग्रामपंचायतीकडे’ ही बातमी त्याच दिवशी त्याच आकारात दिली असती तर चाकरमानी चोरवाटेने आला नसता.

तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या दिल्लीतल्या मेळाव्यावरून आलेल्या बातम्यांवर तर न्यायालयाचाच शेरा आहे. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचे ताशेरे मारले. रुग्णाचा धर्म छापण्याला साथरोगशास्त्रात काही उपयोग नाही. मेळावा झाला, तिथे संसर्ग पसरला, तारीख ही, गेलेल्यांनी इथे संपर्क साधावा. मेळावा कुठल्याही देवाचा असो, बातमीचा साचा हाच ठेवा.

रोगाचं बारसं करायचीही घाई नको. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांतल्या लोकांचे केस झपाट्याने गळू लागले आणि दोन दिवसांत ‘टक्कल व्हायरस’ मथळ्यात आला. व्हायरस कोणाला सापडलाच नव्हता. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. व्हायरस म्हटलं की लोक माणसाला टाळतात. धान्य म्हटलं असतं तर पोतं बाजूला ठेवलं असतं. कारण कळेपर्यंत ‘केस गळतीचा अनोळखी आजार’ एवढंच लिहिणं थोडं फिकं वाटतं, हरकत नाही.

७. औषध आणि लस

एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्र-रात्र मेडिकलसमोर उभे होते. पुण्यासारख्या शहरांत तर आंदोलनापर्यंत गोष्टी गेल्या. बातम्यांत ‘जीवरक्षक इंजेक्शन’ हे विशेषण इतकं चिकटलं होतं की औषधाचं ते आडनावच वाटावं. आणि तोवर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत या औषधाने मृत्यू टळत असल्याचं दिसलं नव्हतं. २० नोव्हेंबर २०२० ला संघटनेने रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना ते देऊ नये अशी शिफारसही केली होती. तुटवड्याची बातमी द्यायलाच हवी होती, काळा बाजारही उघडा करायला हवा होता. पण प्रत्येक बातमीत दोन ओळींची चौकट असती की ‘हे सगळ्यांना लागत नाही, घरी देऊ नये, ऑक्सिजनची पातळी मोजत राहणं जास्त महत्त्वाचं’, तर काही लोक तरी रांग सोडून रुग्णाजवळ गेले असते.

तुटवड्याच्या बातमीचा स्वभावच असा की ती तुटवडा वाढवते. म्हणून ‘साठा संपला’ लिहिताना सोबत पर्याय, पुढचा साठा कधी, आणि कोणाला खरंच गरज आहे हे सांगणारा डॉक्टर हवा. डॉक्टर म्हणजे त्या विषयातला. ‘शहरातील प्रसिद्ध डॉक्टर’ दातांचेही असतात.

लसीबाबत सगळ्यात जपून लिहायची बातमी म्हणजे ‘लस घेतल्यानंतर मृत्यू’. कालक्रम खरा असतो, कारण सिद्ध झालेलं नसतं, आणि मथळा वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. याचा इतिहास मुंबईतच आहे. हाफकिन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी इथे प्लेगची लस बनवली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी ती टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. एका बाटलीपुरता दोष होता आणि तोही बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, गावात बाटली उघडताना शिरलेला, हे मान्य व्हायला पाच वर्षं गेली. तुमच्याकडे अशी घटना आली तर मृत्यूची बातमी दाबू नका. लोकांना ती कळलेलीच असते आणि दाबलेली बातमी दहापट होऊन परतते. पण त्याच बातमीत लिहा: त्या केंद्रावर त्या दिवशी आणखी किती जणांनी लस घेतली, त्यांची प्रकृती कशी आहे, चौकशी समिती कधी अहवाल देणार. आणि अहवालाची तारीख डायरीत टाका. अहवाल आला की तेवढ्याच आकारात छापा. हे शेवटचं जवळपास कोणी करत नाही.

८. अफवेला मथळ्यात जागा नको

‘चिकनमुळे कोरोना होतो का?’ हा प्रश्नार्थक मथळा म्हणजे अफवेची जाहिरातच. खाली ‘नाही’ असं लिहिलेलं वाचायला कोण थांबतो? क्रम बदला. आधी खरी गोष्ट, मग थोडक्यात अफवा, मग पुन्हा खरी गोष्ट आणि काय करायचं ते. ‘नीट शिजवलेलं चिकन-अंडी सुरक्षित’ एवढा मथळा पुरे. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा चिकनवर पुन्हा संशय आला. तिथे संशयाचा रोख दूषित पाण्याकडे होता. ‘पाणी उकळून प्या’ हे वर, कोंबडीची चर्चा खाली, असा क्रम हवा होता.

आणखी एक: अफवा तुमच्या भागात पोचलेली नसेल तर तिचं खंडनही छापू नका. नसलेली कुजबुज तुम्हीच गावात आणाल.

९. कापून फिरणारी बातमी

१८ एप्रिल २०२० ला राज्यात घरोघर वर्तमानपत्र टाकण्यावर बंदी आली. तीन दिवसांत ती मुंबई-पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरती राहिली, पण तोवर वाचक पीडीएफवर गेला होता आणि बराचसा परत आलाच नाही. म्हणजे आता तुमची बातमी पानावर नाही, स्क्रीनशॉटमध्ये वाचली जाते. तारीख पानाच्या डोक्यावर असते, ती कापली जाते. वर्षभर जुना ‘उद्यापासून बाजारपेठ बंद’ पुन्हा फिरतो आणि भाजीवाले माल फेकून देतात.

उपाय साधे आहेत. तारीख, महिना, वर्ष आणि तालुक्याचं नाव मथळ्याच्या पट्टीतच घ्या. ‘आजपासून’, ‘उद्या’ टाळा; ‘बुधवार, १४ एप्रिलपासून’ लिहा. मथळा एकटा वाचला तरी अर्थ पुरा व्हावा. यूट्यूबवर थंबनेलला लाल बाण आणि ‘मोठी बातमी’ लावून आत काहीच नसेल, तर तिसऱ्या वेळी खरी मोठी बातमी कोणी उघडणार नाही. पोर्टलवर जुनी बातमी तशीच राहू द्या, पण वर ‘हा आदेश आता लागू नाही’ अशी ओळ टाका. ग्रुप अ‍ॅडमिनसाठी तर एकच काम: सध्या काय चालू, काय बंद याचा एक संदेश पिन करून ठेवायचा आणि बदलला की जुना काढायचा.

मजकुराची भाषाही पाहा. ‘सर्वेक्षणांतर्गत सहव्याधीग्रस्त नागरिकांनी’ हे आदेशातलं मराठी आहे. ‘बीपी, शुगर, दमा असलेल्यांनी’ म्हटलं की आजीही वळून बघते. मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी उर्दूत आणि धडगाव-अक्कलकुव्यात भिली-पावरीत छोटा ऑडिओ करून दिला तर मराठी पानापेक्षा लांब जातो. गोवंडीत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गोवर पसरला तेव्हा लसीचं आवाहन मौलवींच्या तोंडून गेल्यावर ते जास्त ऐकलं गेलं, कारण बोलणारा ओळखीचा होता.

१०. लाट ओसरल्यावरची बातमी

आकडे उतरले की डेस्क विषय सोडतं. पहिल्या पानावरून रुग्णसंख्या आत जाते, मग चौकट जाते, मग काहीच नाही. वाचकाला ही शांतता ‘संपलं’ अशी ऐकू येते. जानेवारी २०२१ मध्ये तसंच झालं होतं. लग्नसराई, ग्रामपंचायत निवडणुका, हळदी-कुंकू सगळं जोरात. फेब्रुवारीच्या मध्यावर अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ तारखेपासून तिथे पुन्हा आठवड्याची टाळेबंदी लागली.

म्हणून आठवड्याला एक ठरलेली चौकट चालू ठेवा, रुग्ण शून्य असले तरी. तीन ओळी पुरतात: या आठवड्यात तालुक्यात किती तपासण्या झाल्या, त्यात किती बाधित निघाले, ग्रामीण रुग्णालयात किती खाटा भरल्यात. तपासण्यांचा आकडा घसरत असेल तर तोच मथळा करा. चौथी ओळ आरोग्य केंद्राच्या फोन नंबरची आणि १०४ या हेल्पलाइनची. तो नंबर छापण्याआधी प्रत्येक वेळी लावून बघा. बदललेले नंबर महिनोन् महिने छापले जातात.